आडवी सुपारी

गेल्या हिवाळ्यात मी सलग सात रविवार जमिनीवर आडवी पडून लढले. म्हणजे मी खुर्चीवर बसले होते आणि आडवी होती ती सुपारी. पण खेळाच्या नियमाप्रमाणे ती सुपारी म्हणजे मीच होते, त्यामुळे वाक्य बरोबर आहे.

मी रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात सर्जरीच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. माझी निम्मी नोकरी झोपलेल्या माणसाला उठवण्यात गेली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंट डोळे मिटून पडतो आणि नातेवाईक सांगतात, सिस्टर, आजच्या दिवस राहू दे. मी राहू देत नाही. कुशीवर वळा, कोपरावर या, पाय खाली सोडा, दोन मिनिटं बसा, आता उभे राहा. अशा बाईने एका खेळात न उठण्याचा हट्ट धरला हे वॉर्डात कळलं तर माझं उद्यापासून कोणी ऐकणार नाही. म्हणून तिथे सांगितलेलं नाही.

खेळ माझ्या मुलीचा. ती इथल्याच कॉलेजात शिकवते आणि दर रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये चटईवर एक गोष्ट चालवते. चालवते म्हणजे ती सांगते, तुम्ही खिंडीच्या तोंडाशी आलात, वर कड्यावर काहीतरी हललं. मग बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतं ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. जिंकणं-हरणं असं काही नसतं. गोष्ट पुढे जात राहते आणि मधे एखाद्याचं पात्र मरतं. काही घरांत मेलेलं पात्र मंत्राने परत येतं म्हणे. आमच्याकडे मेलं ते मेलं. माझी मुलगी या बाबतीत फार कडक आहे. कुणावर गेली कोण जाणे.

नकाशासाठी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने घरं आखलेली असत. त्यावर मांडायला तिने छोटे पुतळे मागवले होते, ते येतानाच तुटले. मग घरातल्या सुपाऱ्या आल्या. पूजेला आपण सुपारी मांडतो आणि तिला गणपती म्हणतो, तेव्हा तिला योद्धा म्हणायला काय हरकत आहे, असा तिचा मुद्दा होता, आणि मला तो पटला. अख्खी सुपारी गडगडते म्हणून अडकित्त्याने मधोमध फोडलेली घ्यायची. सपाट बाजू खाली, गोल बाजू वर, आणि गोल बाजूवर ओळखीसाठी नेलपॉलिशचा ठिपका. शत्रू म्हणजे चिंचोके.

सुपाऱ्या नवऱ्याच्या डब्यातल्या. तो बोटीवर इंजिनरूममध्ये नोकरी करून निवृत्त झाला आणि त्याला दिवसभर गालात सुपारी लागते. त्याला एकच नियम सांगून ठेवला होता: ठिपका असलेल्या सुपारीला हात लावायचा नाही, ती माणूस आहे. तो नियम त्याने काटेकोर पाळला. पुढे जे झालं त्यात त्याची चूक नव्हती, हे मी इथेच लिहून ठेवते.

खेळायला तिघं होती. बँकेत कारकून असलेला एक दांडगा मुलगा, ज्याचं पात्र दोन हातांनी कुऱ्हाड चालवायचं. गणिताच्या एक शिक्षिका, ज्यांचं पात्र मंत्र टाकायचं आणि ज्यांना नियमांचं जाडं पुस्तक पाठ होतं. आणि तिसरी नाटे गावची मुलगी. तिच्या वडिलांची नाट्याला मासेमारीची बोट आहे. कॉलेजसाठी ती तीन वर्षं आमच्याकडे माडीवरच्या खोलीत राहिली, मग नोकरीच्या परीक्षा देत आणखी एक. गणपती झाल्यावर तिला मालवाहू जहाजावर शिकाऊ म्हणून जागा मिळाली. आठ महिने समुद्रावर.

जायच्या आदल्या दिवशी ती प्लास्टिकची फाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. मी बांगडे साफ करत होते.

"काकू, एक काम होतं."

"खोलीचं सामान राहू दे. कोण येणार आहे तिथे."

"सामानाचं नाही. हिचं." तिने फाइल पुढे केली. आत तिच्या पात्राचा कागद होता. दोन वर्षांत भरत आलेला, खाडाखोड करून मऊ पडलेला. पात्र म्हणजे एक तिरंदाज बाई, बंदुकीसारखा घोडा असलेलं धनुष्य बाळगणारी. "मी नसताना हिला कुठल्यातरी गावात झोपवून ठेवू म्हणतात. बाकीचे पुढे जातील आणि ही मागे राहील. तुम्ही खेळा ना हिला."

"मला काय येतं त्यातलं?"

"तुम्ही वॉर्ड सांभाळता. तशीच सांभाळायची. बाकी काही नाही केलंत तरी चालेल, फक्त मेली नाही पाहिजे."

मी हात धुतले आणि कागद वाचला. आमच्याकडे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला प्रत्येक पेशंटची हकीकत सांगतात, त्याला ओव्हर देणं म्हणतात. तिने मला रीतसर ओव्हर दिला. जीव चोवीस अंक, औषधाच्या बाटल्या दोन, डाव्या खांद्याला जुनी जखम पण ती नुसती गोष्टीतली, आकड्यांत नाही. मी सांगितलं, ज्या स्थितीत घेतली त्या स्थितीत परत देईन. एवढं बोलल्यावर तो शब्द झाला. त्या मुलीचं आमच्याकडे मागे काय राहिलं होतं? दोन बॅगा, एक स्टीलचा डबा आणि ही बाई. त्यातल्या डब्याची काळजी नव्हती.

पहिले दोन महिने गोष्ट गावांतून, बाजारांतून फिरली. मी कमी बोलले आणि कुणाचं दिलेलं काही खाल्लं नाही. मग खिंड आली. खिंडीत दोन्ही बाजूंना कडे, मधे चिऱ्याचा एक ढासळलेला गडगा म्हणजे कमरेएवढी दगडी भिंत, आणि कड्यावर आठ चिंचोके, सगळे तिरंदाज. पहिल्याच पाळीत ढाल घेतलेला एक शत्रू माझ्यावर येऊन आदळला.

"आई, तू पडलीस," मुलगी म्हणाली आणि तिने माझी सुपारी उलटी केली. सपाट बाजू वर.

"लागलं का?"

"नाही. नुसती पडलीस. तुझी पाळी आली की ऊठ."

"का?"

"का म्हणजे? लढाई चालू आहे."

तोवर कुऱ्हाडवाल्याने तो ढालवाला संपवला होता. मी विचारलं, पडलेल्या माणसाला नियम काय? शिक्षिकेने पुस्तक न उघडता सांगितलं, "शेजारी उभा असलेला शत्रू तुम्हाला सोपं मारू शकतो. दुरून बाण मारणाऱ्याला मात्र अवघड. त्याने दोन फासे टाकायचे आणि कमी असेल तो धरायचा. आणि पडून तुम्ही कुणाला बाण मारलात तर तुम्हालाही तेच, काकू. दोन फासे, कमी आकडा."

"शेजारी कोण आहे?"

"आत्ता कोणी नाही."

"आणि कड्यावरचे सगळे दुरून मारणारे."

"हो."

"मग मी पडते."

कुऱ्हाडवाला हसला. "काकू, हे दुखणं नाहीये. उठायचं असतं."

"मला कुणाला मारायचं नाही. मला मरायचं नाही."

मुलीने माझ्या नावापुढे 'पडलेली' असं लिहिलं. पण मला ती दुसरी अट पटली नाही, की पडलेल्या माणसाचा नेम चुकतो. मी कॉलेजात दोन वर्षं कॅडेट होते. रायफल चालवायला आम्हाला सगळ्यात आधी पडूनच शिकवलं, कारण दोन्ही कोपरं जमिनीला टेकली की हात हलत नाही. उभं राहून मारणाऱ्या मुलींच्या गोळ्या टेकडीत जायच्या.

"रायफल नाहीये, आई. धनुष्य आहे."

"घोडा असलेलं धनुष्य आहे. कागदावर लिहिलंय."

"बरं, मारशील. पण पुढचा बाण भरणार कसा? पुढच्या कडीत पाय घालून दोरी ओढावी लागते. झोपून करून दाखव."

मी कोपऱ्यातली लांब दांड्याची छत्री घेतली आणि फरशीवर पडले. पोटावर पडून नेम धरणं उत्तम जमलं. मग भरण्यासाठी पाठीवर वळले, छत्रीच्या मुठीत पाय अडकवला आणि दोन्ही हातांनी ओढायला लागले. तेवढ्यात नवरा बाहेरून आला. त्याने मला पाहिलं, चटईवरच्या तिघांना पाहिलं, आणि चप्पल काढता काढता विचारलं, "कंबर का?"

"धनुष्य भरतेय."

"बरं," तो म्हणाला आणि आत गेला. पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना याहून जास्त स्पष्टीकरणं मागत नाही.

छत्री भरली गेली नाही. मुलीने निकाल दिला की नियम आहे तोच राहील, आणि मी तो मानला. वॉर्डातही मी डॉक्टरांशी वाद घालते, पण केसपेपरवर सही झाली की संपलं.

मात्र त्या आठवड्यात मी शिक्षिकेकडून ते जाडं पुस्तक मागून आणलं आणि पडण्याचं पान तीनदा वाचलं. माझ्या लक्षात एक गोष्ट आली. उठायला आपली अर्धी चाल खर्च होते. पडायला काहीच लागत नाही. पुढच्या रविवारी माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "उठते. बाण मारते. पडते."

मुलगी थांबली. "एकाच पाळीत?"

"चाल अर्धी उरते, ती मला नकोय. मला कुठे जायचंय?"

"असं चालत नाही."

"चालतं," शिक्षिका हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना ते दोन वर्षांत सुचलं नव्हतं याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "उभ्याने मारलेला बाण सरळ जाईल. आणि शत्रूची पाळी येईल तेव्हा काकू पडलेल्या असतील. पुस्तकात याला कुठे मनाई नाही."

त्या दिवसापासून माझी कवायत सुरू झाली. उठायचं, बाण मारायचा, पडायचं. सुपारी सुलटी, सुपारी उलटी. मुलगी कड्यावरून बाण सोडायची, दोन फासे टाकायची, कमी आकडा धरायची आणि बाण गडग्यात जायचा. तीन रविवारांत मी दोन चिंचोके पाडले आणि माझे चोवीसच्या चोवीस अंक शाबूत राहिले. खेळातलं अर्धं मिनिट आम्हाला एक रविवार पुरतं, त्यामुळे ही प्रगती वेगवान होती.

मधेच जहाजावरून निरोप आला. जहाज कुठल्यातरी बंदराजवळ असलं की तिच्या फोनला रेंज मिळायची. लिहिलं होतं, "काकू, माझी कशी आहे?"

मी लिहिलं, "चोवीस अंक. आडवी आहे. तू कशी आहेस?"

दोन दिवसांनी उत्तर आलं. "बोट लागली. मीपण आडवीच."

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. बोट लागली की आडवं पडायचं आणि उगाच शौर्य दाखवायचं नाही. तिला सांग, आलं चघळ." मी सांगितलं.

त्याच सुमारास नाट्याहून तिच्या आईचा फोन आला. मला वाटलं पोरीच्या काळजीने केला असेल. ती म्हणाली, "ताई, ती तुमच्या खेळातली बाई बरी हाय ना?"

"बरी आहे. का हो?"

"नाय, आमचं पोर तिकडं दर्यात, आणि फोन केला की इचारतंय, आये, काकूंना इचार ती जिती हाय का. आमी जिते हाव का, तां नाय इचारत."

मी सांगितलं की जिवंत आहे आणि तशीच राहील. आता शब्द दोन ठिकाणी दिला गेला होता.

अडचण चौथ्या रविवारी निघाली, आणि ती कुऱ्हाडवाल्याने काढली. तो पोहे खाता खाता थांबला आणि म्हणाला, "काकू, एक सांगू का? तुम्ही पडता ना, म्हणून बाण मला लागतात."

"मी काय केलं?"

"त्यांना तुम्हाला मारणं परवडत नाही. दोन फासे, कमी आकडा. मग ते उभ्या माणसाला शोधतात. मॅडम गडग्याआड असतात, उभा मी एकटाच असतो."

मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मूर्ख थोडेच आहेत ते. मी असते तर तेच केलं असतं." ती होतीच, म्हणा. सगळे चिंचोके तीच चालवत होती.

"तूही पड," मी त्याला सुचवलं.

"माझी कुऱ्हाड आहे, काकू. पडून मी काय, त्यांचे घोटे तोडू?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याचे अंक दर रविवारी उतरत होते आणि माझे उतरत नव्हते. मी त्याला एक औषधाची बाटली दिली, सरपटत जाऊन, कारण औषध पाजणं हा हल्ला धरत नाहीत आणि त्याला पडण्याची अट आड येत नाही. त्याने ती घेतली. पण पुढचे दोन रविवार तो माझ्याशी जरा बेतानेच बोलला. बँकेत काउंटरवर बोलतो तसा. मला ते लागलं, पण मी उठले नाही. मला सांभाळायला दिली होती ती एक बाई. सगळी फौज नव्हे.

सातव्या रविवारी मुलीने खिशातून मूठभर काजूच्या बिया काढल्या आणि खिंडीच्या दुसऱ्या तोंडाशी मांडल्या.

"लांडगे," ती म्हणाली.

मी नकाशा पाहिला. लांडगा शेजारी येऊन चावतो, दुरून नाही. पडलेल्या माणसाला चावणं त्याला सोपं. म्हणजे कड्यावर उरलेल्या एकमेव तिरंदाजासाठी मी पडलेली बरी, आणि लांडग्यांसाठी उभी. पोटच्या पोरीने आठवडाभर बसून माझ्यासाठी हे शिजवलं होतं. आपल्या वॉर्डात हुशार नर्स घडली की वाटतं तसं मला वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या पाठीत एक धपाटा घालावासाही वाटला.

लांडगे आधी कुऱ्हाडवाल्यावर गेले, कारण तो पुढे होता आणि उभा होता. दोन पाळ्यांत त्याचे अंक शून्यावर आले. शून्यावर आलं की माणूस लगेच मरत नाही; दर पाळीला फासा टाकतो, आणि तीन वाईट फाशांत संपतो. त्याचे दोन वाईट झाले. दोन वर्षांचं पात्र होतं त्याचं. शिक्षिकेचे मंत्र संपले होते. औषधाची बाटली फक्त माझ्याकडे, आणि मी अकरा घरं लांब, गडग्यामागे, आडवी.

कुऱ्हाडवाला फासा हातात फिरवत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, जमलं तर बघा. नाही तर राहू दे. तुमच्याकडे तिची आहे, मला माहीत आहे."

तो मागता तर मी विचार केला असता. तो "राहू दे" म्हणाला. सिस्टर, आजच्या दिवस राहू दे. पंचवीस वर्षं मी ते ऐकत आलेय, आणि राहू देणं मला जमत नाही.

मी घरं मोजली. सरपटत गेले तर औषध तिसऱ्या पाळीत त्याच्या तोंडात. उठून धावले तर दुसऱ्या.

"उठते," मी म्हटलं. "धावते."

मुलीने माझी सुपारी सुलटी केली आणि ठिपका वर आला. सात रविवारांत पहिल्यांदा ती शत्रूच्या पाळीला उभी होती. एक बाण लागला: नऊ अंक गेले. एक लांडगा वळला आणि पोटरीला चावला: सहा गेले. कुऱ्हाडवाल्याने फासा टाकला आणि तो चांगला पडला. दुसऱ्या पाळीत मी त्याच्यापाशी पोचले आणि बाटली त्याच्या तोंडाला लावली. तो उठला. पण त्याची पाळी येण्याआधी लांडग्यांची पाळी होती, आणि त्यातला एक माझ्या अंगावर आला. आणखी पाच गेले. चोवीसातले चार उरले.

"आणि लांडग्याने पाय ओढला," मुलगी म्हणाली. "पडलीस की नाही ते बघू." मी फासा टाकला, त्यात कागदावरचा कसलासा आकडा मिळवायचा होता, शिक्षिका तो मिळवत होत्या, कुऱ्हाडवाला "जगलो, जगलो" म्हणत मांडी बदलत होता, त्याचा गुडघा कॅलेंडरला लागला, मुलीने सुपाऱ्या सावरल्या, आणि आतून कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या दिवशीसाठी कडधान्य लावलं होतं. मी गॅस बंद करायला गेले. जाता जाता म्हटलं, चहा पण टाकते. सगळे उठले, हातपाय मोकळे करायला गॅलरीत गेले.

परत आलो तर माझी सुपारी नकाशावर नव्हती.

कॅलेंडर उचललं. चटई झटकली. शिक्षिका दिवाणाखाली वाकल्या. मग माझं लक्ष नवऱ्याकडे गेलं. तो दाराशी खुर्चीत पेपर वाचत होता आणि त्याचा उजवा गाल किंचित वर आला होता.

"अहो, तोंडात काय आहे?"

"सुपारी."

"कुठली?"

"इथे पडली होती ती. ठिपका नव्हता, मी बघितलं नीट."

ठिपका गोल बाजूवर होता. सुपारी उलटी केली की तो खाली जातो. आडवी पडलेली सुपारीही माणूसच असते, हे त्याला कोणीही सांगितलेलं नव्हतं. आधी कधी गरजच पडली नव्हती, कारण त्या घरात पडून राहणारी मी पहिलीच. चूक माझी होती.

"थुंकू का?" त्याने विचारलं.

"थुंका. नेलपॉलिश आहे त्याला."

तो बेसिनशी गेला. इकडे मुलीने फासा हातात घेतला होता, पण टाकत नव्हती. "आता बाणाची पाळी आहे," ती म्हणाली. "एकच तिरंदाज उरलाय, पण तो तुझ्यावरच मारणार. आई, तू उभी होतीस की पडली होतीस?"

हाच सगळा प्रश्न होता. उभी असले तर एक फासा. पडलेली असले तर दोन, आणि कमी आकडा. उरलेल्या चार अंकांत एक बाण म्हणजे शेवट, आणि शेजारचा लांडगा शून्यावर आलेल्याला सोडणार नव्हता.

"मला वाटतं उभी," मुलगी म्हणाली. "मी सावरताना सगळ्या सरळ केल्या असणार."

"बेरीज नऊ होत होती, नऊला पडतात," शिक्षिका म्हणाल्या. "पण मी मोठ्याने सांगितलं का, ते आठवत नाही."

कुऱ्हाडवाला म्हणाला, काकू पडल्या होत्या, शपथ. पण त्याने त्या क्षणी काहीही सांगितलं असतं, हे सगळ्यांना कळत होतं. मला विचारलं तर मी म्हटलं, मी गॅसकडे बघत होते. आणि माझी साक्ष धरू नका, मी पेशंटच्या बाजूची आहे.

तेवढ्यात नवरा तोंड पुसत आला.

मुलीने विचारलं, "बाबा, नीट आठवून सांगा. उचललीत तेव्हा सपाट बाजू वर होती की खाली?"

"वर."

"नक्की?"

"अगं, वर होती म्हणून तर उचलली. गोल वर असती तर ठिपका दिसला असता. ठिपका दिसला असता तर मी हात लावला असता का? इतके दिवस लावला का कधी?"

त्यात कुठे फटच नव्हती. या घरात उभी सुपारी त्याने आजवर खाल्ली नव्हती. जी खाल्ली ती आडवीच असणार.

मुलीने दुसरा फासा घेतला. "दोन," ती म्हणाली आणि टाकले. पहिला चटईवर थांबला: एकोणीस. एकोणीसला मी मेले असते. दुसरा कॅलेंडरच्या कडेपर्यंत गेला, वळला आणि चारवर पडला.

"गडग्यात," मुलगी म्हणाली.

"काकू," कुऱ्हाडवाला म्हणाला, "आता पडूनच राहा. बाकीचं मी बघतो." त्याने बघितलं. खिंड पार झाली.

नवऱ्याने स्वतःच्या डब्यातली एक चांगली सुपारी काढून अडकित्त्याने मधोमध फोडली. मी तिला दोन्ही बाजूंना ठिपका दिला.

मे महिन्यात नाट्याची मुलगी जहाजावरून परत आली. नाट्याला आईकडे दोन दिवस राहून रविवारी सकाळी रत्नागिरीला आली, उन्हाने काळी झालेली, चालताना अजून जरा पाय फाकवून. मी फाइल तिच्या हातात दिली आणि ओव्हर दिला. जीव चोवीस, वीस गेलेले, विश्रांतीने भरून आले. औषधाच्या बाटल्या शून्य, दोन्ही एकाच माणसाला. पोटरीला लांडग्याचा चावा, नुसता गोष्टीतला. सुपारी बदलली आहे, कारण मूळची काकांनी खाल्ली.

"पूर्ण?"

"गालात होती. काढली."

तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "आत्ता कशी आहे?"

"आडवी. सुरक्षित आहे. उठवायची की नाही ते आता तू बघ."

दुपारी चौघं चटईवर बसली. मी स्वयंपाकघरात गेले. माझी ड्युटी संपली होती, आणि दुसऱ्याच्या ड्युटीत डोकावू नये. तरी फणसाचे गरे काढायला मी ओट्याचं ते टोक निवडलं जिथून हॉल ऐकू येतो.

फासे पडले. कुऱ्हाडवाला काहीतरी म्हणाला. मग तिचा आवाज आला, "उठते." माझा हात थांबला. "नेम धरला, बाण सोडला." फासा. "लागला."

मग माझ्या मुलीने विचारलं, "चाल अर्धी उरली आहे. पुढे जातेस?"

"नाही," ती म्हणाली. "आता पडते."

मी चिकट हात तेलाने पुसले आणि पुढचा गरा घेतला.